अजून किती वर्षे शिकणार?

लीड्स (इंग्लंड), १४ जानेवारी

तीर्थरूप आप्पा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर तुम्ही विचारलेत, ‘अजून किती वर्षे शिकणार?’ मी वॉर्डात होतो, नीट बोलता आले नाही. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया इथे पूर्वी जनरल सर्जरीतच मोडत असे; २०१२ साली तिला स्वतंत्र विषयाचा दर्जा मिळाला. पदवीनंतर २ वर्षे फाउंडेशन, म्हणजे वेगवेगळ्या वॉर्डांतले पायाभूत प्रशिक्षण, मग २ वर्षे प्राथमिक शल्यशिक्षण, त्यातच एमआरसीएस ही सर्जनांची पहिली परीक्षा, आणि नंतर देशपातळीवरच्या निवडीत जागा मिळाली तर व्हॅस्क्युलरची, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेची, ६ वर्षे, असा इथला रूढ मार्ग आहे. मला त्याआधी प्लॅब ही परदेशी डॉक्टरांसाठीची परीक्षा देऊन जनरल मेडिकल कौन्सिल या इथल्या वैद्यक परिषदेची नोंदणी घ्यावी लागली. सध्या ६ पैकी चौथे वर्ष चालू आहे. एफआरसीएस या शेवटच्या टप्प्याची लेखी आणि तोंडी परीक्षा होऊन प्रशिक्षणपूर्तीचे प्रमाणपत्र हाती आले, की तज्ज्ञांच्या यादीत नाव लागते. त्याशिवाय कन्सल्टंटची, म्हणजे स्वतंत्र जबाबदारीच्या वरिष्ठ डॉक्टरची, कायम जागा मिळत नाही.

एवढी वर्षे कशाला, हे मला गेल्या आठवड्यात पुन्हा उमगले. एका आजोबांचा पाय वाचवण्यासाठी त्यांचीच शीर काढून गुडघ्याखालच्या धमनीला जोडायची होती. धागा केसासारखा बारीक. धमनीच्या भिंतीतून सुई आतून बाहेर काढायची. बाहेरून आत घातली तर आतला कडक झालेला थर सुटून रक्ताच्या वाटेत आडवा येऊ शकतो. पहिल्याच टाक्याला माझ्या वरिष्ठ सर्जन मॅडमनी काही न बोलता माझे मनगट किंचित फिरवले, आणि सुई अलगद पार झाली. चिमटे सोडल्यावर पावलावर बोट ठेवले, तर नाडी लागली! अशा प्रत्येक शस्त्रक्रियेची मी नोंद ठेवतो, आणि कितपत स्वतंत्रपणे केली याचे मूल्यमापन वरिष्ठ करतात.

आपल्या मुक्ताचे सर्जरीतले एमएस यंदा पूर्ण होईल. माझे स्पष्ट मत आहे, की तिने लगेच इकडे येण्याची घाई न करता नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन तिथेच याच विषयातले ३ वर्षांचे एमसीएच किंवा डीआरएनबी हे एमएसनंतरचे शिक्षण करावे. मधुमेहाने पाय धोक्यात आलेले रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि हात बसतो तो रुग्णांवर काम करूनच. मात्र केलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची तारखेसह नोंद तिने आतापासून ठेवावी आणि त्यावर वरिष्ठांची सही घ्यावी; पुढे इकडे अर्ज करायचा झाला तर सर्वांत आधी तीच लागेल.

आईस नमस्कार.

आपला,
श्रीधर