गणपतीला येते, तोवर डोळा करून घ्या

लंडन,
गुरुवार, रात्र (बाहेर अजून उजेड आहे)

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दादाने सांगितलं असेलच, त्याच्या पोटात काही राहत नाही. तरी माझ्याकडूनही ऐका. मी परतीचं तिकीट पुढे ढकललं आहे. आता जूनच्या अखेरीस मुंबईला उतरेन ती तशीच पुण्याला, दुसऱ्या दिवशी बँकेत हजर. म्हणजे राजापूरला येणं होईल ते गणपतीतच. आणि म्हणून बाबा, "मनू आली की बघू" हे तुमचं मोतीबिंदूवरचं उत्तर आता चालणार नाही. दादा पुढच्या बुधवारी गाडी घेऊन येतोय. रत्नागिरीच्या डॉक्टरांशी मी इथूनच बोलले आहे.

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि आईच्या हातात देता. दादाला सांगितलंय की हे मोठ्या अक्षरात छापून आण. आई, तू वाचून दाखव, मध्ये मध्ये आपल्या पदरचं घालू नकोस.

राहिले का, तर एक म्हणजे रजा. मे महिन्यात ब्रँचमध्ये माणसंच नव्हती म्हणून माझी रजा जूनवर गेली, हे तुम्हाला माहीत आहे. ती आता घेतली नाही तर बुडणार. दुसरं, व्हिसा सहा महिन्यांचा असतो, पैसे तेवढेच भरायचे, मग थोडक्यात का परतायचं? तिसरं, नंदाचा नवरा कामाला बाहेरगावी आहे, ती लंडनात एकटी, म्हणाली आणखी आठवडाभर राहा. चौथं, विमानाचं एवढं भाडं मी पुन्हा कधी काढणार? आता चारही कारणं वाचून आई म्हणेल, एवढी कारणं देतेय म्हणजे खरं वेगळंच आहे. तर खरं हे की मला राहावंसं वाटलं. पावसाआधीचं आगोटीचं काम तुमच्या दोघांवर टाकून इथे हिंडते आहे हे रोज मनात येतं, आणि तरी राहावंसं वाटतं.

जेवणाची काळजी करू नकोस आई. मेतकूट आणि कुळथाचं पीठ दोन्ही सुखरूप पोचलं. तूप मी पुण्यालाच ठेवलं त्यावरून तू रुसली आहेस, पण दुधातुपाचं काही इथे आणू देत नाहीत, विमानतळावरच कचऱ्यात गेलं असतं. ते दादाच्या घरी चाललंय. यॉर्कशरला शुभीकडे कुकर होता, इथे नंदाकडे दोन आहेत. पिठलं-भात रात्री होतोच. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर कढीपत्त्यापासून अळूच्या पानांपर्यंत सगळं मिळतं. अंथरूण-पांघरूण उत्तम, गरम पाणी चोवीस तास. झोप मात्र लागायला वेळ लागतो, कारण रात्री साडेनऊला सूर्य मावळतो आणि पहाटे पाचच्या आत पुन्हा डोक्यावर. शुभीने खिडकीला जाड काळा पडदा लावून दिला. पायमोजे घालते. छत्री बरोबर असते. झालं समाधान?

शुभीचं गाव बाबांनी बघायला हवं होतं. यॉर्कशर डेल्समध्ये, सेटल स्टेशनापासून मोटारीने थोडं आत. ती तिथे गावची डॉक्टर आहे. मिरजेच्या होस्टेलात उंदीर दिसला की कॉटवर चढून बसायची ती शुभी आता गमबूट घालून शेतकऱ्यांच्या घरी जाते. सगळ्या डोंगरांवर दगडी गडगे आहेत बाबा, अगदी माथ्यापर्यंत. माती नाही, चुना नाही, नुसते रचलेले. आपला जांभा, त्यांचा चुनखडीचा दगड, एवढाच फरक. दोन्ही अंगांनी मोठे दगड, मध्ये बारीक खडी ठासलेली आणि ठरावीक उंचीवर आरपार जाणारा लांब दगड, दोन्ही अंगं बांधून ठेवायला. बरेचसे दोनशे वर्षांपूर्वीचे, अजून उभे आहेत. मागच्या पावसात आपला विहिरीकडचा गडगा बसला तेव्हा तुम्ही गड्याला हेच ओरडून सांगत होता ना, आरपार दगड घाल म्हणून? तो म्हणाला, काका, कोण बघतंय.

आणि दुसरी गंमत. या गडग्यांत मध्येच दगडी पायऱ्या काढलेल्या असतात आणि शेजारी खांबावर पाटी, की ही सार्वजनिक पायवाट. कुणाच्याही शेतातून, मेंढरांच्या मधून खुशाल चालत जायचं. मालक अडवू शकत नाही, तसा कायदाच आहे. फाटक मात्र आपण मागे लावून घ्यायचं. मी वरच्या वाडीच्या वाटेचा विचार करत चालले होते. आजोबांची चप्पल त्या वाटेपायी कोर्टात झिजली.

पूलही पाहिला, रिबलहेडचा. चोवीस कमानी, दीडशे वर्षांपूर्वी बांधलेला, वरून अजून गाडी जाते. उंची आपल्या कोकण रेल्वेच्या पानवलच्या पुलाच्या निम्मीच, हे मी शुभीच्या नवऱ्याला ठासून सांगितलं. तुम्ही पानवलचं काम चालू असताना मला एस.टी.ने न्यायचे आणि वर बघून मान दुखेपर्यंत उभे राहायचे. सेटलचा हा मार्ग १९८०च्या दशकात सरकार बंद करणार होतं. लोकांनी हजारोंनी हरकती दिल्या, त्यात एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता. १९८९ साली मार्ग वाचला.

लंडनला आल्यावर पहिलं काम लॉर्ड्स. तिकीट काढून आत नेतात, थेट पाहुण्या संघाच्या ड्रेसिंग रूमपर्यंत. शतक मारणाऱ्यांच्या पाटीवर वेंगसरकरचं नाव तीनदा आहे बाबा, १९७९, १९८२, १९८६. आपल्या राजापुरात जन्मलेला माणूस! मी शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, तिने आपली मान डोलावली. गावसकर नाही, तेंडुलकर नाही. आगरकर आहे, २००२ सालचा. आता दादाशी पैज लावा, तो हरेल. मैदान एका अंगाला चांगलं आठ फूट उतरतं आहे, टीव्हीवर कळतच नाही.

गॅलरीत उभी राहिले तेव्हा १९८३च्या वर्ल्ड कपची रात्र आठवली. बाहेर धो धो पाऊस, पडवीत तुम्ही ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेले. १८३ म्हणजे काहीच नाही म्हणून आई झोपायला गेली. मध्यरात्री तुम्ही मला गोधडीसकट उचलून पडवीत आणलंत. मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तुमच्या सदऱ्याला विडीचा आणि भिजल्या सुतळीचा वास येत होता आणि तुम्ही रडत होता की हसत होता तेही कळेना. आईने दोघांना झोडपलं, पोर उद्या दिवसभर पेंगेल म्हणून. पेंगलेच.

तिथून रीजंट्स पार्कमधून चालत किंग हेन्रीज रोडवर गेले. बाबासाहेब १९२१-२२ला शिकायला होते तेव्हा राहायचे ते घर. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतलं. लहानसंच आहे, बाजूला इतरांची तशीच घरं. तुम्ही शाळेत दर वर्षी भाषण करायचे ते इथे उभं राहून केलं असतंत तर मजा आली असती. शिवाजी महाराजांनी लुटलेल्या राजापूरच्या इंग्रज वखारीचा विषय मात्र मी कुणाकडे काढला नाही, राग मानू नका.

आता मुद्द्याचं. काल वेस्टमिन्स्टरच्या पुलावरून चालत होते. पार्लमेंटच्या समोर, नदीच्या पलीकडे सेंट थॉमस इस्पितळ आहे. बाबा, तुमच्या डोळ्यात बसवणार आहेत ते भिंग जगात पहिल्यांदा तिथे बसवलं, १९४९ साली, हॅरल्ड रिडली नावाच्या डॉक्टराने. युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे त्या प्लास्टिकचे तुकडे घुसायचे आणि तरी डोळा चिघळायचा नाही, हे त्याने पाहिलं होतं. त्यावरून सुचलं. बरोबरच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं विरोध केला. पुढे म्हातारपणी त्याच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत तशीच भिंगं बसली, त्याच इस्पितळात. तेव्हा "डोळ्यात परकी वस्तू नको" हे तुमचं म्हणणं त्या डॉक्टरांनीही करून झालंय आणि हरूनही झालंय.

"अजून पिकला नाही", "पावसाळ्यात नको, थंडीत काढू" हेही नको. ते टाके घालायचे तेव्हाचं. आता बारीक छेद देतात, संध्याकाळी घरी. उलट फार पिकू दिला तर काम अवघड होतं. आणि मी असते तरी काय करणार होते? बाहेर बाकावर बसून दादाशी भांडले असते.

आई, हे फ्रिजवर लाव. आदल्या दिवशी साखर आणि बीपी तपासायचं, दादाला रिपोर्ट दाखवायचा. थेंब डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळेलाच, हात धुऊन. डोक्यावरून आंघोळ नाही. वाकून काही उचलायचं नाही, नारळ सोलायचे नाहीत. चुलीपाशी फिरकायचं नाही, पाणी गॅसवर तापव. रात्री डोळ्यावरची वाटी काढायची नाही, खाज सुटली तरी. डोळा लाल झाला, दुखला किंवा दिसणं कमी झालं तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन. कौलं परतायला गडी शनिवारी येतोय, त्याचे पैसे मी दादाकडे दिलेत, बाबांनी शिडी धरायलासुद्धा जायचं नाही. आणि नदीला पूर आला की जवाहर चौकात बघायला जायचं नाही. दर वर्षी तोच पूर असतो. आंबापोळी, अमसुलं जेवढी झाली तेवढी बास, तुझा खांदा दुखतो ते मला शेजारच्या काकूंकडून कळतं.

रागावू नका हं. गणपतीला चार दिवस आधी येते, गणपतीवरच्या माटवीचं सगळं मीच बांधीन. बाबांनी फक्त खुर्चीत बसून चुका काढायच्या, दोन्ही डोळ्यांनी.

तुमची,
मनू

ता. क. आई, हे पुढचं मनातल्या मनात वाच. बाबांना ऑपरेशनची भीती वाटते, मी येईपर्यंत थांबायचं म्हणतात ते त्यासाठी. त्यांना तसं बोलून दाखवू नकोस, हसूही नकोस. गाडीत दादाशेजारी पुढे बसू नकोस, मागे त्यांच्याजवळ बस. सुपारी आणि विडी दोन्ही पिशवीतून आधीच काढून ठेव.