सुमे, फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता

सुमे,

आधी शिव्या घालून घे, मग पुढं वाच. दिवाळीत तुझे तीन फोन आले. तिन्ही वेळा फोन हातात धरून मी तुझं नाव बघत बसले आणि उचलला नाही. कामात वगैरे काही नव्हते. तुझ्याशी खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगायची छाती होत नव्हती. म्हणून आता आयसीयूत नाईटला बसून जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानांवर हे लिहितेय. अक्षर लागलं नाही तर सोडून दे, पण पत्र सोडू नकोस.

तब्येत ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच.

तर, मी एमएनएसचा फॉर्म भरला. मिलिटरी नर्सिंगचा, शॉर्ट सर्व्हिसचा. लेखी परीक्षा निघाली आणि मुलाखतीला दिल्लीला बोलावलंय.

(हे लिहून उठले, सात नंबरच्या पेशंटचं सक्शन करून आले. हात जरा थरथरत होते. सक्शनमुळं नव्हे.)

फॉर्म उघडल्यावर मी पहिलं काय शोधलं असेन, सांग. 'कोणतं दल' हा रकाना! ज्याच्यावरून आपण होस्टेलात दोन वर्षं एकमेकींचे केस उपटायचे बाकी ठेवले होते. तुला आर्मी, बर्फ, लेहचं हॉस्पिटल. मला नेव्ही, कुलाब्याचं अश्विनी हॉस्पिटल, खिडकीतून समुद्र आणि तो पांढराशुभ्र युनिफॉर्म. आणि संतोष आपला मधेच एअरफोर्सचा झेंडा घेऊन उभा. एमएनएसमध्ये मुलांना घेतच नाहीत हे त्याला पक्कं माहीत होतं, तरी चहाचे पैसे न देता भांडायला मिळतं म्हणून यायचा. "आर्मीत शेवटी पट्ट्याच बांधायच्या" असं मी म्हटलं तेव्हा तू सहा दिवस बोलली नव्हतीस. सहा दिवस, सुमे! माझ्या कपाटाची किल्ली तुझ्याकडं होती.

तर तो रकानाच नाही. एमएनएस ही एकच सेवा, आणि तिन्ही दलांच्या हॉस्पिटलांत जातात त्या याच बायका. आज पुण्याचं कमांड हॉस्पिटल, दोन-तीन वर्षांनी अश्विनी, मग बंगळुरूचं एअरफोर्सचं. कुठं पाठवायचं ते त्यांनी ठरवायचं. शिवाय अश्विनीत गेलं तरी हुद्दा आर्मीचाच: लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर. नेव्हीतला कॅप्टन म्हणजे आर्मीतल्या कर्नलच्या तोडीचा, तेव्हा मी कॅप्टन होऊन कुलाब्याला गेले तर फोनवर नुसतं "कॅप्टन बोलतेय" म्हणून बघणार आहे, कोण कसं ताठ होतं ते. आणि माझा तो पांढराशुभ्र युनिफॉर्म गेला समुद्रात. चेंजिंग रूममध्ये एकटीच हसत सुटले. मग आठवलं, हे ज्या एकाच माणसाला सांगायचं, तिच्यापासूनच तर लपवतेय.

कारण तुला माहीत आहे. बारावीनंतर तू एएफएमसीच्या, पुण्याच्या त्या मिलिटरीच्या मेडिकल कॉलेजच्या, नर्सिंग बीएस्सीची लेखी काढलीस, मुलाखत दिलीस आणि मेडिकलला उंची दीड सेंटीमीटर कमी भरली म्हणून परत आलीस. आपल्या कॉलेजात आल्यावरही गच्चीवरच्या पाइपला लोंबकळायचीस. चौदा नंबरच्या खोलीच्या चौकटीवर दर महिन्याला पेन्सिलीची रेघ मी ओढायचे. रेघ तिथल्या तिथं. एकदा मी मुद्दाम वर ओढली, तर तू ओळखलंस आणि पट्टी फेकून मारलीस. मला तर तोवर मिलिटरीत नर्स असतात हेसुद्धा ठाऊक नव्हतं. समुद्र मागितला तो केवळ तू बर्फ मागितलास म्हणून. आणि आता चौतिसाव्या वर्षी मी तुझ्या ताटातलं उचलून खायला निघालेय.

सध्या मुलाखतीसाठी इतिहास घोकतेय. २८ मार्च १८८८ ला दहा ब्रिटिश नर्सेस मुंबई बंदरात उतरल्या, तिथून हे सगळं सुरू झालं. बोटीनं आल्या, म्हणजे नेव्ही आधी, हा माझा मुद्दा. लष्कराच्या हॉस्पिटलांसाठी आल्या, म्हणजे आर्मी, हा तुझा. बघ, तू नसतानाही तुझी बाजू मीच मांडतेय.

आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "तिथं लग्न करू देत नाहीत ना?" माझं लग्न तिनं अजून सोडलेलं नाही. तिला सांगितलं, तसा नियम होता, १९७७ चा, तो १९९५ ला गेला. त्याच नियमानं १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून घरी पाठवलेली एक लेफ्टनंट कोर्टात लढत राहिली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तिला ६० लाख द्यायला लावले. आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "नवरा चांगला असणार तिचा." यावर काय बोलणार?

खरा घोळ पुढं आहे. वयाची अट ३५ ची, म्हणजे ही शेवटची गाडी. नॉर्सेटची, एम्सच्या त्या नर्स भरतीची, तिशीची हद्द मी ओलांडली तेव्हा मला कळलंसुद्धा नव्हतं. एमएनएसमध्ये आधी पाच वर्षं, मग पाच, मग चार, अशी जास्तीत जास्त चौदा. तेव्हा मी अठ्ठेचाळीसची. ऑफिसरला पेन्शनला वीस वर्षं लागतात, म्हणजे चौदा करूनही मी बाहेर, पेन्शनशिवाय. मूळ पगार ५६,१०० आणि वर मिलिटरी सर्व्हिस पे १०,८००. हाच पे बाकीच्या आर्मी ऑफिसरांना १५,५००. हुद्दा तोच, खांद्यावरचे तारे तेच, मग हे ४,७०० कशाचे कापले? पैशाला लागून नाही गं बोलत. इतकी वर्षं 'सिस्टर, जरा इकडं' ऐकल्यावर तिथं तरी पुरं मोजतील असं वाटलं होतं.

इथं हॉस्पिटलात मला इन्चार्ज करतो म्हणालेत. पगाराचं विचारलं तर "बघू". अकरा वर्षं त्या 'बघू'वरच काढली. पण खोटं कशाला, आयसीयूत माझा शब्द चालतो. कालच नवा डॉक्टर व्हेंटिलेटरची सेटिंग बदलण्याआधी माझ्याकडं बघत होता. तिथं जाऊन बावीस-तेवीस वर्षांच्या पोरींबरोबर ओळीत उभं राहायचं, हुकूम झाला की बॅग भरायची. फील्डला पाठवलं तर आईला नेता येणार नाही. दादा म्हणतो, "आई आमच्याकडं राहील." वहिनी काहीच म्हणत नाही. तुला वहिनी माहीत आहे.

रात्री तीनला वाटतं जावं. सकाळी आठला हँडओव्हर देताना वाटतं, कशाला?

सगळ्यात वाईट म्हणजे तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. "जा" म्हणशील, लगेच, मोठ्यानं. आणि फोन ठेवून भांडी घासायला जाशील. त्या भांड्यांचा आवाज मला इथं ऐकू येतो, म्हणून फोन उचलले नाहीत. तुला राग आला तर मला बरं वाटेल. खरंच. सहा दिवस बोलू नकोस, पण सातव्या दिवशी बोल.

तुझं कसं चाललंय? ग्रामीण रुग्णालयातली ती ऑर्डर निघाली का? प्रकाशरावांचं दुकान, धाकट्याचा दमा? फोटोत पिंकी तुझ्या खांद्याला लागलेली दिसली. तिची उंची मोजत जाऊ नकोस हं. (हे वाचून हसलीस तर मी सुटले.)

मुलाखतीला झेलम एक्स्प्रेसनं जातेय. अजून नक्की नाही, पण तिकीट काढलंय. विमान परवडलं असतं, पण झेलमच घ्यावीशी वाटली. तूच म्हणायचीस, फौजेत जायचं तर फौजींच्या गाडीनं. एस-५, बारा तारीख. मनमाडला रात्री थांबते. डबा आणू नकोस, भांडायला ये. येताना ती पट्टी तुझ्याकडं असेल तर घेऊन ये. माझी उंची मी अजून कुणाकडून मोजून घेतलेली नाही.

तुझी,
वंदू