सिस्टर, कंबर नीट मोजलीत म्हणून

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

हृदयाच्या ओपीडीतले आभार बहुधा डॉक्टरांच्या वाट्याला येतात. मेटाबॉलिक सिंड्रोमच्या (सुटलेलं पोट, वाढलेलं बीपी, बिघडलेली साखर आणि रक्तातली चरबी एकत्र येणं) पेशंटचे आभार मात्र चुकीच्या पत्त्यावर पोचतात, म्हणून आम्हा डॉक्टरांकडून हे जाहीर पत्र. आम्ही ‘वजन कमी करा, व्यायाम करा’ एवढं खरडून पेशंटला तुमच्याकडे धाडतो. खरं काम तिथून सुरू होतं.

निकष पाच, त्यांतले कोणतेही तीन भरले की निदान पक्कं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 150 किंवा जास्त, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांत 40 आणि बायकांत 50 च्या खाली, उपाशीपोटी साखर 100 किंवा वर: हे तीन लॅब सांगते. उरलेले दोन, म्हणजे 130/85 किंवा त्यावरचं बीपी आणि कंबरेचा घेर (आशियाई वंशाच्या पुरुषांत 90 सेंमी, बायकांत 80 किंवा जास्त), तुमच्या हातात. आणि चुकायला सर्वांत सोपे तेच.

बहुतेक जण पँटचा पट्टा बसतो तिथे टेप लावतात. सुटलेल्या पोटाखाली पट्टा घसरलेला असतो, त्यामुळे घेर कमी भरतो. तुम्ही शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपता, दोन्हींच्या मधोमध पेनाने खूण करता, टेप मागच्या बाजूला खाली गेलेली नाही ना ते वाकून बघता. टेप दिसली की माणूस पोट आत ओढतोच. तुम्ही त्याला बोलतं करता आणि श्वास सहज सुटला की आकडा वाचता. तीन महिन्यांनी मोजणी पुन्हा तिथेच, तशीच. म्हणून तुमच्या वहीतला 4 सेंमीचा फरक आम्ही खरा मानतो.

बीपीचंही तेच. पाच मिनिटं शांत बसवणं, पाठीला टेका, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, एका मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग. जाड दंडाला लहान कफ बांधला की बीपी उगाच जास्त दिसतं आणि एक गोळी वाढते. तुमच्या खोलीत मोठा कफ कायम टेबलावर असतो, कपाटात नाही.

‘पंपिंग साठ टक्के, म्हणजे नॉर्मल आहे, मग दम का लागतो?’ या प्रश्नाला आम्ही घाईत उत्तर देतो, तुम्ही नीट देता. हृदयाला आवळण्याइतकंच सैल होणंही जमावं लागतं आणि सैल व्हायलाही ऊर्जा लागते, कारण पेशीतलं कॅल्शियम परत साठ्यात ओढावं लागतं. वाढलेल्या बीपीने भिंत जाड होते, इन्सुलिनला दाद न देणाऱ्या स्नायूचं इंधनाचं गणित बिघडतं, स्नायूत तंतू वाढून तो ताठरतो. मग हृदय रिकामं नीट होतं, पण सहज भरत नाही. डाव्या कर्णिकेतला दाब वाढून फुप्फुसांकडे मागे सरकतो आणि जिना चढताना धाप लागते. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ई-प्राइमचा, म्हणजे सैल होताना स्नायू हलण्याचा, वेग आतल्या पडद्याशी सेकंदाला 7 सेंमीच्या आणि बाहेरच्या भिंतीशी 10 च्या खाली येतो. पंपिंग तोवर साबूत असतं. वयानुसारही हा वेग उतरतो, त्यामुळे रिपोर्टवरच्या ‘ग्रेड वन’ने, म्हणजे सैल होण्यातल्या सौम्य बिघाडाच्या शेऱ्याने, घाबरलेल्या निम्म्या लोकांना तुम्हीच शांत करता.

व्यायामाचा तुमचा हिशेब आम्ही उचलला आहे. सुरुवात दहा मिनिटांनी, दर आठवड्याला थोडी वाढ, पोचायचं आठवड्याला 150 मिनिटांवर, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम. बोलता येतं पण गाता येत नाही, ही चाल योग्य. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारी गोळी) घेणाऱ्याची नाडी फसवते, त्यामुळे ही बोलण्याची खूणच कामाची. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नाही, कारण इन्सुलिनवरचा व्यायामाचा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो. खाण्यात पहिली कात्री पेयांतल्या साखरेला आणि दारूला, कारण ट्रायग्लिसराइड तिथूनच लवकर उतरतात. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. वजनाचं लक्ष्य 7 टक्के, म्हणजे 84 किलोच्या माणसाला साधारण 6 किलो. हे आकडे हवेतले नाहीत: अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत, 2002 साली, 7 टक्के वजनघट आणि 150 मिनिटं या लक्ष्यांनी मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने 31.

सर्वांत मोठे आभार मात्र वेगळ्याच कामाचे. वजन उतरू लागलं की कालची गोळी आज जास्त होते. बीपीच्या औषधांवर उठताना चक्कर येते. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया (शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी) चालू असेल तर चालून आल्यावर घाम, थरथर, साखर खाली. पेशंटला वाटतं व्यायाम सोसवत नाही, आणि तो व्यायामच सोडतो. तुम्ही उभं करून एका आणि तीन मिनिटांनी बीपी घेता. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने पडला की आम्हाला फोन येतो, ‘डॉक्टर, डोस बघा.’ घोरण्याबद्दलही तुम्हीच विचारता. झोपेत श्वास अडत असेल तर बीपी हटवादीपणे वरच राहतं, आणि आमच्या केसपेपरवर झोपेचा रकानाच नाही.

तो रकाना आम्ही आता घालून घेतोय. उभ्याने बीपी घ्यायचा तुमचा हाताने आखलेला तक्ता मात्र द्या, छापून बाकीच्या ओपीडींतही लावायचा आहे.

आपले,
हृदयरोग विभागातले डॉक्टर