कॅक्टसचं फूल की डिंकाचा गोळा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

यंदा जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत एका हातगाडीवरून दीडशे रुपयांना कॅक्टस घेतला. मुठीएवढा गोल, शेंड्यावर पिवळंधमक फूल. मेमधल्या ४२-४३ अंशांतही फूल जसंच्या तसं. वळवाची सर आली की मिटायचं, ऊन पडलं की उघडायचं. नात म्हणायची, "आजोबा, फूल झोपलं." मीही कौतुकानं चार शेजाऱ्यांना दाखवलं. पाच महिने फूल कोमेजत कसं नाही, हा प्रश्न काही पडला नाही. यंत्रमाग कारखान्यात हिशेबनीस होतो मी, आता काय बोलावं!

जूनमध्ये होटगी रोडला बहिणीकडे मुक्काम पडला. तिच्या गच्चीवर एकिनॉप्सिस नावाच्या कॅक्टसला कळी होती, वीतभर लांब देठासारख्या नळीच्या टोकाला. अंधार पडल्यावर ती उघडली. पांढरंशुभ्र फूल, मंद वास. आम्ही टॉर्च घेऊन बघत बसलो. दुसऱ्या दिवशी जेवणं होईतो त्यानं मान टाकली होती.

घरी येऊन माझं फूल चिमटीत धरून ओढलं. खाली ग्लू गननं लावलेल्या डिंकाचा टणक गोळा! फूल म्हणजे वाळवलेलं स्ट्रॉफ्लॉवर. त्याच्या कागदी पाकळ्या तोडून वाळवल्यावरही दमट हवेत मिटतात, कोरड्या हवेत उघडतात. गोळा नेमका शेंड्यावर, कॅक्टस जिथून वाढतो तिथंच. काढताना काटे गेले, तपकिरी वण राहिला. कुंडीतले पांढरे खडेही चिकटवलेले, त्यामुळे आत माती ओली की कोरडी ते कळेना. अशानं माणूस अंदाजानं पाणी घालत राहतो आणि मुळं कुजतात. माझीही निम्मी काळी पडली होती. ती कापून, रोप आठवडाभर सावलीत सुकवून, जाड वाळू नि विटांचा चुरा घातलेल्या मातीत लावलं.

नकली फूल विकायला माझी हरकत नाही, पण तसं सांगून विका. आणि शेंडा तरी सोडा. पुष्पप्रदर्शनं भरवणाऱ्यांनी असली रोपं स्टॉलवर ठेवू देऊ नयेत, एवढी विनंती.

माझ्या कॅक्टसचा शेंडा अजून बंदच आहे. बुडाशी मात्र हरभऱ्याएवढी दोन पिल्लं फुटली आहेत.

आपला,
एक वाचक, सोलापूर