डायचे डाग आणि तुमच्या पुरवणीतलं ॲसिड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती टिपांचा जो चौकोन येतो ना, त्यात मध्यंतरी छापलं होतं की बाथरूममधे केसांच्या डायचे डाग पडले तर थोडं ॲसिड टाका, दहा मिनिटं ठेवा आणि घासा. मी ती टीप कात्रीने कापून फ्रिजला लावून ठेवली होती, आणि आता त्याच टिपेबद्दल हे पत्र लिहितेय.

झालं असं की जानेवारीत नाशिकरोडला पुतण्याचा साखरपुडा होता. आमचे हे एरवी केसांकडे बघत पण नाहीत पण फोटो निघणार म्हटल्यावर आदल्या रात्री दहा वाजता डायचं पाकीट घेऊन बाथरूममधे शिरले, आणि डोक्याबरोबर मिशा, कानामागे, आरशाखाली असं सगळीकडे लावून बाहेर आले. मी म्हटलं अहो ते पुसून तरी घ्या, तर म्हणे अगं जरासे चॉकलेटी थेंब आहेत, सकाळी पुसतो. सकाळी बघते तर काळेकुट्ट! बेसिन, टाइल्सचे जॉइंट, पीव्हीसीचा दरवाजा, मग, सगळ्यावर ठिपके. आम्ही सिडकोत भाड्याने राहतो आणि घरमालक काकू डिपॉझिटच्या बाबतीत कशा आहेत ते सांगत बसत नाही.

माझी भाची फार्मसीला आहे तिने नंतर समजावलं. डायमधे पीपीडी म्हणून एक गोष्ट असते, ती मुळात रंगीत नसतेच म्हणे, दुसऱ्या ट्यूबमधल्या पेरॉक्साइडशी गाठ पडली की हळूहळू रंग तयार होत जातो. म्हणजे सुरुवातीला फिकट दिसणारा थेंब अर्ध्या तासात काळा होतोच. पहिल्या पाच मिनिटांत साबणाच्या फडक्याने पुसलं तर बहुतेक निघतं, रात्रभर ठेवलं की मग बसा घासत. आणि काळ्या मेंदीवाल्यांनी पण निवांत राहू नये, बऱ्याच काळ्या मेंदीत हेच पीपीडी असतं.

तर मी तुमची टीप काढली. दुकानात ॲसिड मागितलं, त्याने पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून दिलं, वर चिठ्ठी नाही काही नाही. 2013 साली सुप्रीम कोर्टाने ॲसिडच्या उघड्या विक्रीवर बंधनं घातली, नाव-पत्ता रजिस्टरमधे लिहून घ्यायचा, ओळखपत्र बघायचं, पण मला कोणी काही विचारलं नाही आणि मी पण गुपचूप पिशवीत टाकून आणलं, खोटं कशाला बोलू.

ओतल्या ओतल्या जॉइंटमधून फसफस फेस आला. मला वाटलं वा, डाग निघतोय! धुतलं तर डाग जिथल्या तिथे आणि जॉइंट भुसभुशीत. पुढे ज्या मिस्त्रीला बोलवलं तो बघून म्हणाला, ताई तुम्ही डाग नाही काढला, सिमेंट काढलंत. दाराच्या उंबऱ्याला कडप्पा आहे, त्याच्यावर तर डाय दिसत पण नव्हता, काळ्यावर काळा काय दिसणार, पण ॲसिडचा ओघळ गेला तिथे तो पांढुरका पडलाय आणि तेल लावलं की दोन दिवस बरा दिसतो, परत तेच. कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड, ॲसिड त्याला खातंच. आमच्याकडे बोअरच्या पाण्याने नळावर पांढरे थर बसतात ते ॲसिडने छान निघतात, म्हणून सगळ्यांना वाटतं ते सगळंच काढतं. पण डाय म्हणजे काही क्षार नाही, तो रंग आहे.

आणि मग मी जे केलं ते लिहायला लाज वाटते पण लिहिते. डाग जात नाही म्हणून चिडून त्याच ओल्या फरशीवर कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच ओतलं. थंडीमुळे खिडकी घट्ट बंद. एकदम असा तिखट वास आला की घसा धरला, डोळ्यातून पाणी, खोकत खोकत बाहेर पळाले, ह्यांनी मिशी अर्धवट पुसत येऊन खिडकी उघडली. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, जीव जाऊ शकतो. डायमधल्या अमोनियाबरोबर पण ब्लीच नको, त्याचा वेगळाच विषारी वायू होतो. तुमच्या टिपेत ह्यातलं एक अक्षर नव्हतं.

शेवटी जमलं ते असं. बेसिन चिनी मातीचं आहे, त्यावर नेलपेंट रिमूव्हर कापसावर घेऊन फिरवलं, दोन मिनिटांत पांढरं. पण ते पेट घेतं, आमच्याकडे बाथरूममधेच गॅस गीझर आहे म्हणून आधी तो बंद केला. हुशारीने तेच प्लास्टिकच्या मगाला लावलं तर मग चिकट होऊन खरखरीत झाला, म्हणजे ॲक्रिलिकच्या टबाला, प्लास्टिकला ते लावूच नका. जॉइंटसाठी सगळं पाण्याने दोन-तीनदा धुऊन, दुसऱ्या दिवशी, दार-खिडकी उघडी ठेवून एक भाग ब्लीच दहा भाग पाणी, गार पाणी, जुन्या टूथब्रशने लावून दहा मिनिटांनी धुतलं. दोनदा केल्यावर फिकट झालं, पूर्ण नाही. बेसिनच्या कडेच्या सिलिकॉनमधे रंग मुरलाय, तो कापून नवीन भरायला लागणार. पीव्हीसीच्या दरवाज्यावर काही म्हणजे काही चाललं नाही, तिथे सध्या नातवाचं फुलपाखराचं स्टिकर आहे.

आता हे गॅलरीत स्टुलावर बसून डाय लावतात, खाली प्लास्टिक आणि त्यावर तुमची पुरवणी. नुसता पेपर नका हं अंथरू, आरपार जातो.

जॉइंट परत भरायचे मिस्त्रीने 1800 रुपये घेतले, ते मी तुमच्याकडे मागत नाही. पण ती टीप जिथे छापली त्याच चौकोनात, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, ॲसिड वापरू नका आणि ब्लीचमधे काही मिसळू नका एवढं छापा, कोपऱ्यात बारीक नको. माझ्यासारखी कापून फ्रिजला लावणारी अजून कोणी असेलच, तिच्या फ्रिजवर अजून ती जुनीच टीप लटकत असणार.

आपली,
एक नियमित वाचक, सिडको, नाशिक