कोळेरोगाचा पंचनामा की प्रसार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात सुपारी कुजवून गाळणाऱ्या कोळेरोगाने गळलेल्या सुपारीची भरपाई मिळावी, या बागायतदारांच्या मागणीची बातमी आपल्या अंकात वाचली. मागणी रास्त आहे आणि ती करणाऱ्यांत मीही आहे. दोडामार्ग तालुक्यात माझी सहाशे पोफळींची, म्हणजे सुपारीच्या झाडांची, बाग आहे, त्यातल्या निम्म्या वडिलांनी लावलेल्या. पण भरपाईची जी रीत आपल्याकडे पडली आहे, तिच्याबद्दल बातमीत न आलेली एक गोष्ट सांगायची आहे.

दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात बागेत गळ सुरू झाली. सकाळी गेलो की प्रत्येक झाडाखाली पाच-दहा हिरव्या सुपाऱ्या पडलेल्या. देठाच्या टोपीजवळ पाणी मुरल्यासारखा गडद डाग, फळावरची चकाकी गेलेली. रीतसर कळवले. उत्तर आले, ‘पंचनामा होईपर्यंत गळ उचलू नका, नाहीतर नुकसान दाखवणार काय?’ पंचनाम्याला माणूस आला अकराव्या दिवशी. तोवर पडलेल्या सुपाऱ्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी चढली होती आणि बागेच्या ज्या खालच्या अंगाला एकही फळ गळले नव्हते, तिथेही सडा पडला होता. आलेल्या माणसाचा दोष नाही. त्याच्याकडे अनेक गावे होती आणि अर्ध्या रस्त्यांवर पाणी होते.

सुपारीवरचे कुठलेही माहितीपत्रक उघडा, पहिल्या पाच ओळींत लिहिलेले असते की गळलेली फळे आणि रोगट घड रोजच्या रोज गोळा करून जाळावेत. कारण त्या पांढऱ्या बुरशीतून सुटणारे बीजाणू पावसाच्या शिंतोड्यांनी आणि वाऱ्याने वरच्या घडांवर, शेजारच्या झाडावर, मग शेजाऱ्याच्या बागेत जातात. म्हणजे एक हात सांगतो जाळा, दुसरा सांगतो तसेच ठेवा. भरपाई हवी असेल तर रोग पोसा, अशीच ही अट झाली. त्यात नियम असा की नुकसान किमान 33 टक्के असेल तरच भरपाई. ही गळ काही एका रात्रीत होत नाही. आषाढात थोडी, श्रावणात जास्त, चवथीच्या सुमारास पुन्हा. कुठल्या दिवशी मोजले म्हणजे 33 टक्के भरतात?

‘कोळे’ हा शब्द मूळ कानडी, अर्थ कुजणे. रोगाचा अभ्यासही तिकडेच आधी झाला. लेस्ली कोलमन हे कॅनडाचे शास्त्रज्ञ 1908 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या नोकरीत आले आणि 1910 मध्ये त्यांनी कोळेरोगावरचा आपला अभ्यास छापला. फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव हे कारण आणि मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी हा उपाय कर्नाटकातल्या मलनाड या डोंगराळ भागातल्या बागायतदारांपर्यंत पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा. बोर्डो मिश्रण मुळात फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतले, 1885 च्या सुमाराचे. आज एवढ्या वर्षांनीही आपण तेच मारतो, आणि नीट मारले तर ते चालते.

‘नीट’ या शब्दातच सगळी गोम आहे. एक टक्क्याचे मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. मोरचूद वेगळे विरघळवायचे, चुन्याचे दूध वेगळे करायचे, भांडे प्लास्टिकचे, लोखंडाचे चुकूनही नाही. मग घासून लखलखीत केलेला कोयता दोन-चार मिनिटे मिश्रणात बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला. हे वडील करायचे, मीही करतो. पण आता बाजारात तयार पुड्या आल्या आहेत आणि कोयत्याची परीक्षा सांगणारे कोणी उरले नाही. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे असते, हेही अनेकांना माहीत नसते.

दुकानातला अनुभव तर विचारूच नका. ‘बुरशी आहे’ म्हटल्यावर एका दुकानदाराने मला कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पाकिटे दिली. फायटोफ्थोराला आपण सवयीने बुरशी म्हणतो, मीही या पत्रात म्हणतो आहे, पण शास्त्रज्ञ त्याला खऱ्या बुरशीत धरत नाहीत. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाट्याचे पीक ज्याने बसवले आणि दुष्काळ आणला, तो याचाच भाऊबंद. आपल्या पोफळीवर चढवलेल्या मिरीच्या वेलीचा मर रोगसुद्धा याच कुळातला. कार्बेन्डाझिम या कुळावर चालत नाही. मी पैसे घातले, उघडीप बघून फवारले आणि आठ दिवसांनी गळ होती तशीच. चूक माझी, विचारायला हवे होते. पण विचारायचे कोणाला, हाही प्रश्नच आहे.

वेळेचे गणित त्याहून अवघड. बोर्डोसारखे ताम्रयुक्त औषध रोग लागण्याआधी फळावर बसलेले हवे. डाग पडल्यावर त्या फळाला त्याचा उपयोग नाही. म्हणून पहिली फवारणी मृगाच्या आधी आणि दुसरी साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, मिळेल त्या उघडिपीत. 2025 चे घ्या. 20 मेनंतर पाऊस सुरू झाला आणि 25 मे रोजी मोसमी वारे देवगडपर्यंत आल्याचे हवामान खात्याने जाहीरही केले. आमच्याकडे निम्म्या बागांत पहिली फवारणी झालीच नव्हती, मोरचूद पडवीत पडून होते. पुढे पाऊस, मध्येच ऊन, पुन्हा पाऊस, अशी हवा लागली. कोळेरोगाला नेमकी हीच हवा मानवते.

आणि फवारायचे कोणी? पोफळ चाळीस-पन्नास फूट उंच, खोड मांडीएवढेही जाड नाही. पायात दोरीचा फास घालून चढणारे, एका शेंड्यावरून झोका घेऊन दुसऱ्या झाडाचा शेंडा धरणारे गडी मी लहानपणी पाहिले आहेत. आता आमच्या वाडीत एकच उरला आहे, त्याचे वय साठीच्या पुढे आणि त्याची मुले गोव्यात कंपनीत. त्यांनी चढावे असे मी कोणत्या तोंडाने सांगू? ओल्या खोडावरून पडलेला माणूस परत उठत नाही. घडांना प्लास्टिकची पिशवी बांधण्याचा उपाय चांगला आहे, पण पिशवी बांधायलाही वर जावेच लागते.

यावर कोणीतरी ड्रोनचे नाव काढतोच. ड्रोन वरून फवारतो आणि सुपारीचे घड लोंबतात झावळ्यांच्या खाली. औषध पानांवर बसते, घड कोरडे. त्यापेक्षा कर्नाटकात कार्बन फायबरच्या लांब दांड्या वापरू लागले आहेत, त्यांना तिकडे दोटी म्हणतात. जमिनीवर उभे राहून, दांडीला नळी जोडून, खालून थेट घडावर फवारा मारता येतो. शिकावे लागते, मान आणि खांदे भरून येतात, पण जीव जमिनीवर असतो. केरळातल्या कासरगोडची नारळ-सुपारीवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था याची शिबिरे घेते. दापोलीच्या विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनला आहे. श्रीवर्धनकरांनी 2020 च्या निसर्ग वादळात उभ्या बागा आडव्या झालेल्या पाहिल्या, आता कुठे तिथली नवी रोपे वाढत आहेत. त्यांनाही हे लागणारच आहे.

माझे मागणे थोडके आहे. प्रत्येक गावाच्या सोसायटीत अशा दोन दांड्या आणि एक पंप अनुदानावर द्यावा. गावातल्या चार मुलांना मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात शिकवावे, जूनमध्ये नव्हे. फवारणी वाडीतल्या सगळ्या बागांची एकाच आठवड्यात व्हावी, कारण बीजाणूंना बागेचा गडगा (दगडी कुंपण) कळत नाही. मी फवारले आणि मुंबईकर शेजाऱ्याची बाग तशीच राहिली तर माझे मोरचूद पाण्यात गेले.

आणि पंचनाम्याची रीत बदलावी. गळ रोज वेचून, वजन करून, जागेच्या नोंदीसह मोबाइलवर फोटो काढून ती जाळण्याची मुभा बागायतदाराला असावी आणि ती नोंद पुरावा म्हणून धरली जावी. खोटे फोटो निघतील, असे एका अधिकाऱ्यांनी मला तोंडावर सांगितले. निघतीलही काही. बाकीच्यांच्या बागा त्यासाठी कुजवायच्या का?

गेल्या मोसमात मी कोणाची वाट पाहिली नाही. घरात एक वही आहे, त्यात तारीख, झाडांची ओळ आणि किलो लिहिलेले आहेत. कोणी पाहायला येणार असेल तर वही दाखवीन. सुपाऱ्या त्या त्या दिवशी जाळल्या.

आपला,
एक सुपारी बागायतदार,
ता. दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग