मागच्या चाकांचे अलाइनमेंट आधी, पुढच्यांचे नंतर

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जळगाव, धुळे, भुसावळच्या रस्त्यांवर आता ऑक्टाव्हिया आरएस, बीएमडब्ल्यू झेड 4, मस्टँग अशा गाड्या दिसू लागल्या आहेत. गाडी हाती आली की मालक आधी बुटक्या स्प्रिंगा आणि रुंद टायर टाकतो आणि मग अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, जवळच्या दुकानात नेतो. तिथे पुढचे टाय रॉड (स्टेअरिंगला चाकांशी जोडणारे दांडे) फिरवतात, स्टेअरिंग सरळ दिसले की काम संपले. मागच्या चाकांना कोणी हात लावत नाही. या गाड्यांसाठी ही पद्धत चुकीची आहे आणि घाटात ती जिवावर बेतू शकते, म्हणून हे पत्र.

ही सवय का पडली हे समजण्यासारखे आहे. आपल्याकडच्या स्विफ्ट, आय 20, पोलो या गाड्यांना मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई, असते. त्यात फिरवण्यासारखे काही नसतेच. बीम वाकला तर हब (चाक बसते तो भाग) आणि बीमच्या मध्ये शिम (पातळ पट्टी) घालणे किंवा बीम बदलणे, एवढेच. ऑक्टाव्हिया आरएस किंवा 2015 पासूनची मस्टँग यांचे मागचे प्रत्येक चाक मात्र वेगवेगळ्या आर्मनी (दांड्यांनी) स्वतंत्र धरलेले असते, आणि त्याचा टो (वरून पाहता चाक आत-बाहेर वळल्याचा कोन) व कॅम्बर (समोरून पाहता चाक कलल्याचा कोन) वेगवेगळा बदलतो. म्हणून तो मोजावा लागतो.

गाडीने सरळ कुठे जायचे हे मागची चाके ठरवतात. समजा मागच्या डाव्या चाकाचा टो-इन (चाकाची पुढची कड आत वळणे) 0.3 अंश आहे आणि उजव्याचा 0.1. फरकाचे निम्मे, म्हणजे 0.1 अंशाने मागची जोडी उजवीकडे ढकलते. गाडीचे नाक डावीकडे जाऊ पाहते आणि सरळ जायला स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरावे लागते. अशा गाडीचे पुढचे टाय रॉड फिरवून स्टेअरिंग मधोमध आणले, तरी गाडी तिरकीच चालते. मागचा टो शून्याच्या पलीकडे, म्हणजे बाहेरच्या बाजूला गेला, तर धोका आणखी मोठा. कन्नड घाटात किंवा तोरणमाळच्या वळणावर चालकाने अचानक ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जाते, मागची चाके हलकी होतात आणि गाडीची शेपूट बाहेर फिरते. मागे थोडा टो-इन ठेवायचा तो याचसाठी.

गाडी 30 मिलिमीटर खाली बसवली की मागचा कॅम्बर गाडीप्रमाणे अर्धा ते एक अंश आणखी उणे होतो (चाकाचा वरचा भाग आत कलतो), आणि सोबत टोही सरकतो. टायरची आतली कड झिजते. ती बाहेरून दिसत नाही, चाकाखाली हात घालून पाहावी लागते. हात आडवा फिरवल्यावर कड गुळगुळीत झिजलेली लागली तर बहुधा कॅम्बर जास्त. करवतीसारखे दाते लागले तर टो चुकला आहे. उन्हाळ्यात आपल्याकडचा डांबरी रस्ता तापतो, तेव्हा आतून तारेपर्यंत झिजलेला टायर महामार्गाच्या वेगाला फुटतो.

आता कामाचा क्रम. टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना भरावी. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की दाब 1 पीएसआयने वाढतो. मे महिन्यात सकाळी 28 अंश आणि दुपारी 45 म्हणजे 3 पीएसआयचा फरक झाला. दुपारच्या हवेवर घेतलेले माप फसवते. काही कंपन्या टाकी भरून किंवा सीटवर वजन ठेवून मोजायला सांगतात, ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहावे. मग चाक उचलून बेअरिंग आणि जॉइंटमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे का, बुश (आर्मच्या टोकाचे रबरी जोड) फाटले आहेत का, आर्म वाकला आहे का, हे तपासावे. फाटलेल्या बुशवर केलेले अलाइनमेंट पहिल्या स्पीडब्रेकरला बिघडते. आपल्या पावसाळ्यात काळी मातीही बोल्टच्या खोबणीत जाऊन घट्ट बसते.

जिथे ॲडजस्टमेंट कॅम बोल्टवर (फिरवला की आर्म सरकवणाऱ्या बोल्टवर) असते, तिथे कस लागतो. हा बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत गंजून धरतो. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारावे. गॅस लावून तापवायचा मोह आवरावा, रबर जळते. बोल्ट सुटलाच नाही तर दोन्ही बाजूंनी कापून नवा बोल्ट, नवी कॅम वॉशर आणि नवा बुश घालणे हाच खरा उपाय. पाईप लावून जोर केला तर नळी बुशसकट फिरते आणि बुश आतून फाटतो. अनेक जर्मन गाड्यांत हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तिथे काटकसर करू नये.

आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो, कारण कॅम्बर फिरवला की टो बदलतो. त्यानंतर स्टेअरिंग मधोमध लॉक करून पुढचे. कंपनीचा तक्ता हाच पहिला आधार, पण खाली बसवलेल्या गाडीला रोजच्या रस्त्यासाठी मागे उणे 1 ते उणे दीड अंश कॅम्बर, दोन्ही बाजूंत पाव अंशाहून कमी फरक, आणि दोन्ही चाकांचा मिळून 0.2 ते 0.3 अंश टो-इन बहुधा ठीक बसतो. 18 इंची रिमवर 0.1 अंश म्हणजे जेमतेम 0.8 मिलिमीटर, टेपने हे होत नाही. नट आवळताना कॅम सरकतो, म्हणून टॉर्क पाना लावल्यावर पुन्हा माप घ्यावे. रबरी बुशचे नट गाडी स्वतःच्या उंचीवर, चाकांवर भार असतानाच शेवटचे आवळावेत. जॅकवर लटकलेल्या स्थितीत आवळले तर गाडी खाली आल्यावर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. ईएसपी (गाडी घसरण्यापासून सावरणारी यंत्रणा) असलेल्या बऱ्याच गाड्यांत शेवटी स्कॅनर लावून स्टेअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणावा लागतो. हे राहिले की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मेकॅनिक नाहक एबीएस सेन्सर बदलत बसतो.

अपग्रेडबद्दल. आधी नवे कंपनीचे बुश, मग ॲडजस्टेबल टो आणि कॅम्बर आर्म, तेही कॅम बोल्ट शेवटापर्यंत फिरवून माप बसत नसेल तरच. पॉलियुरेथेन बुश टिकतात, पण सिलिकॉन ग्रीस न लावता बसवले की करकरतात. शिवाय ट्रेलिंग आर्मचा (चाकापासून पुढे जाऊन गाडीला जोडणाऱ्या दांड्याचा) बुश एकाच वेळी अनेक दिशांना वळतो, तिथे कडक पॉली घातला तर सस्पेन्शन अडकते. रोझ जॉइंटचे (रबराऐवजी धातूच्या गोळ्यावर फिरणाऱ्या जोडाचे) आर्म ट्रॅकसाठी उत्तम आहेत, पण आपल्या धुळीत रबरी टोपी नसेल तर ते लवकर खडखडू लागतात. मागचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे रोखणारा दांडा) जाड करताना विशेष जपावे. त्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे 20 ऐवजी 22 मिलिमीटरचा भरीव बार जवळजवळ 46 टक्के कडक. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर हीच वाढ शेपूट सोडवते.

आपल्या भागातल्या अलाइनमेंटवाल्यांना विनंती आहे की थ्री-डी मशीनवर मॉडेल नीट निवडून चारही चाकांचे आधीचे आणि नंतरचे माप छापून द्यावे. मालकांनीही तो कागद मागून घ्यावा आणि त्यात मागच्या चाकांचे रकाने रिकामे असतील तर पैसे देण्याआधी विचारावे. 500 किलोमीटरनंतर त्याच मशीनवर पुन्हा मोजून दोन्ही कागद शेजारी ठेवले, की कोणत्या बाजूचा कॅम सरकला ते लगेच सापडते.

आपला,
एक वाचक, जळगाव